‘ए’ मेला नव्हता, म्हणून ‘बी’ आला नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात काही चूक होत असेल तर लगेच ध्यानात येईल. साखर कारखान्याच्या बॉयलरचं कंट्रोल पॅनेल. आत २४ व्होल्ट डीसीचे, प्रत्येकी १० अँपिअरचे दोन एसएमपीएस (एसीपासून डीसी बनवणारे पॉवर सप्लाय), ‘ए’ आणि ‘बी’, आणि लोड साडेसात अँपिअर. ‘ए’च्या आउटपुटवर चेंजओव्हर रिलेची, म्हणजे लोड एका सप्लायवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची, कॉइल बसवलेली आहे, ‘ए’ गेला की रिले सुटतो आणि ‘बी’ लोडवर येतो. क्लीनिंगच्या प्रत्येक बंदमध्ये तुम्ही ‘ए’चा एमसीबी (छोटा सर्किट ब्रेकर) पाडून बघता. रिले टक्‌ करून पडतो, पीएलसी (बॉयलर चालवणारा कंट्रोलर) जागचा हलत नाही. तरीही या हंगामात पीएलसी दोनदा रीस्टार्ट झाला, आयडी फॅन (धूर ओढून काढणारा पंखा) थांबला, बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, दोन्ही वेळा दुपारी तीनच्या पुढेमागे. पळत जाऊन पाहिलंत तर ‘ए’चा हिरवा दिवा लागलेला, रिले ओढलेलाच, ‘बी’ ठणठणीत. मग ‘बी’ आला का नाही, आणि आता रिले बदलू का, असं तुम्ही विचारलंय.

रिले बदलू नका. त्याला जे काम सांगितलंय ते तो चोख करतोय. चूक सांगितलेल्या कामातच आहे. ‘ए’ संपूर्ण गेला तर ‘बी’ला आण, एवढंच त्याला सांगितलंय. त्या दोन दुपारी ‘ए’ गेलाच नव्हता. तो बसला होता. व्होल्टेज २४ वरून घसरून १५-१६ वर आलं असणार, सेकंदभर तिथे रेंगाळलं असणार आणि परत वर आलं असणार. पीएलसीच्या दृष्टीने १५ व्होल्ट म्हणजे वीज गेली. रिलेच्या दृष्टीने १५ व्होल्ट म्हणजे सगळं ठीक.

डीसी रिलेच्या डेटाशीटमध्ये दोन आकडे असतात आणि आपण बहुधा पहिलाच वाचतो. उचलण्याचं व्होल्टेज साधारण ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २४ च्या रिलेला १९.२ मिळाले की तो नक्की ओढणार. दुसरा आकडा सुटण्याचा, आणि तो बहुतेक नेहमीच्या प्लग-इन रिलेंना १० टक्के असतो. याचा अर्थ, कॉइलवरचं व्होल्टेज २.४ च्या खाली गेलं तरच रिले सुटेल याची कंपनी हमी देते. त्याच्या वर कुठे सुटेल ते त्याच्या स्प्रिंगवर. एकदा आर्मेचर (रिलेतली हलणारी पट्टी) कोअरला (कॉइलमधल्या लोखंडाला) चिकटलं की मधली हवेची फट संपते, आणि तेवढं धरून ठेवायला फार थोडा करंट पुरतो.

मी हे पहिल्यांदा मोजलं तेही बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या बॉयलरच्याच एका ट्रिपनंतर. पॅनेलमधला रिले काढून वर्कशॉपच्या टेबलावर आणला, व्हेरिएबल सप्लायला जोडला आणि शेजारी मीटर लावला. नॉब हळूहळू खाली आणत गेलो. २० ला रिले ओढलेला. १६ ला ओढलेला. १२ ला पारदर्शक कव्हरमधून डोळा लावून पाहिलं, आर्मेचर केसभरही हललं नव्हतं. १० गेले, ८ गेले. साडेसहाच्या जरा खाली टक्‌ झालं. त्या दिवसापर्यंत मी स्वतः पाच-सहा पॅनेलांत हीच वायरिंग केली होती आणि तिला रिडंडन्सी (एक गेला तरी दुसरा असण्याची सोय) म्हणत होतो. पुढच्या ऑफ सीझनला ती सगळी बदलली. तुमचाही रिले काढून हेच करा, दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या सांगण्यापेक्षा तुमच्या साहेबांना तो टक्‌ पटेल.

आता चाचणीत सगळं नीट कसं होतं ते बघा. एमसीबी पाडला की एसएमपीएस आतल्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण २० मिलिसेकंद आउटपुट टिकवतो आणि मग लोडखाली व्होल्टेज कड्यावरून ढकलल्यासारखं खाली येतं. २० पासून ६ पर्यंतचा पल्ला काही मिलिसेकंदांत संपतो, म्हणून रिले सुटतो. त्याला सुटायला आणि दुसऱ्या बाजूला टेकायला आणखी १० ते २० मिलिसेकंद. कॉइलला उलटा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावला असेल (आणि पीएलसीच्या पॅनेलात तो लावलेला असतोच) तर सुटणं आणखी लांबतं, कारण कॉइलमधला करंट त्या डायोडमधून फिरत राहतो. एवढा वेळ पीएलसी स्वतःच्या पॉवर सप्लायमधल्या साठ्यावर जगतो. आयईसी ६११३१-२ हे पीएलसीचं मानक डीसीवर चालणाऱ्या उपकरणाकडून १० मिलिसेकंदांचा खंड सोसण्याची अपेक्षा करतं, आणि तीही वरच्या श्रेणीत. खालच्या श्रेणीला १ मिलिसेकंदच. म्हणजे तुमच्या चाचणीत पीएलसी वाचतो तोही थोडक्यात वाचतो.

शिवाय तुम्ही ती चाचणी क्लीनिंगच्या बंदमध्ये घेता. तेव्हा किती सोलेनॉइड (विजेने उघडमिट होणारे व्हॉल्व्ह) चालू असतात? किती ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह-डॅम्पर हलवणारी यंत्रं) हलत असतात? बॉयलर थंड असताना त्या पॅनेलला चार अँपिअर लागत असतील, तर पूर्ण वाफेवर साडेसात-आठ. तुम्ही कळवलेले साडेसात अँपिअर नेमके कधी मोजलेत ते तपासा.

दुपारी तीन ही वेळही मला बोलकी वाटते. बॉयलरच्या मजल्यावरचं पॅनेल, फॅनच्या फिल्टरवर बगॅसच्या भुशाचा थर, बाहेर फेब्रुवारी-मार्चचं ऊन. बरेच एसएमपीएस ५०-६० अंशांच्या पुढे पूर्ण करंट देत नाहीत, दर अंशागणिक क्षमता उतरते. त्यात ‘ए’ जुना. आउटपुटचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा हिशेब आमच्या धंद्यात सगळे धरतात. तुमच्या मांडणीत सगळा भार वर्षानुवर्षं ‘ए’ने उचललाय आणि ‘बी’ नुसता बसून आहे. सुकलेला कपॅसिटर मल्टिमीटरला २४.१ दाखवतो. दोन मोठे सोलेनॉइड एकदम उचलले की मात्र पडतो.

हे खात्रीने दाखवायचं तर नुसता मल्टिमीटर पुरणार नाही. त्याच्या मिन-मॅक्सलाही बऱ्याच मॉडेलांत १०० मिलिसेकंदांपेक्षा लहान खड्डा दिसत नाही. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) मिळवा, पीएलसीच्या सप्लाय टर्मिनलवर लावा, २० व्होल्टच्या खाली जाताना सिंगल-शॉट ट्रिगर (खड्डा एकदा पकडून तिथेच थांबणारा) ठेवा आणि दुपारभर तसाच राहू द्या. दुसरा चॅनेल ‘ए’च्या स्वतःच्या टर्मिनलवर. खड्डा दोन्हीकडे सारखाच दिसला तर ‘ए’ दोषी. ‘ए’वर सरळ रेघ आणि पीएलसीवर खड्डा, असं दिसलं तर मधली वायर, एखादा ढिला टर्मिनल किंवा रिलेचा जळका काँटॅक्ट बघा. वायर म्हणजे किरकोळ गोष्ट समजू नका. दीड चौरस मिलिमीटरची वायर २० मीटर गेली आणि २० मीटर परत आली की अर्धा ओहम होतो. ३ अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच गेले. करंट मोजताना क्लॅम्प मीटर डीसीचा आहे ना ते पाहा आणि आधी शून्य करून घ्या. एसीचा क्लॅम्प डीसीला लावून ‘लोड काहीच नाही’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिलाय.

हंगाम चालू असेपर्यंत माझा सल्ला एवढाच: पुढच्या क्लीनिंगला ‘ए’ काढून नवा बसवा, पॅनेलच्या फॅनचा फिल्टर साफ करा, हूटर आणि पॅनेलचे दिवे वेगळ्या छोट्या सप्लायवर टाका. रिलेची कॉइल थेट ‘ए’वर न ठेवता २२ व्होल्टला सेट केलेल्या व्होल्टेज मॉनिटरिंग रिलेच्या काँटॅक्टमधून दिली तर बसलेला ‘ए’ तरी ओळखला जाईल. पण त्यालाही निर्णय घ्यायला वेळ लागतो, म्हणून हा उपाय हंगामापुरताच. आणि हे सगळं बॉयलर बंद असताना, परमिट काढून. चालू बॉयलरवर, इंटरलॉक (धोका दिसताच बॉयलर थांबवणारी सुरक्षा) बायपास करून असलं काम करू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

कायमचा उपाय म्हणजे हा चेंजओव्हरच काढून टाकणं. दोन डीसी सप्लायमध्ये कोणाला निवडायची गरजच नसते. दोघांचे प्लस एकेका डायोडमधून एका बसबारवर (सगळा लोड जिथून निघतो त्या सामाईक पट्टीवर) आणा, मायनस एकत्र करा, झालं. ज्याचं व्होल्टेज जास्त तो लोड देतो. तो बसायला लागला की दुसऱ्याचा डायोड आपसूक चालू होतो, मध्ये एका मिलिसेकंदाचाही खंड नाही. ‘ए’ १५ वर बसला काय आणि शून्यावर गेला काय, बसबारला फरक पडत नाही. सबस्टेशनमधल्या बॅटरी चार्जरवर काम केलेल्यांना हे नवं नाही. तिथे बॅटरी बसवर कायम जोडलेलीच असते, चार्जर गेल्यावर ती कुठून ‘आणावी’ लागत नाही.

डायोड निवडताना २० अँपिअरच्या खाली जाऊ नका, दोन्ही बाजूंना. तयार रिडंडन्सी मॉड्युल मिळतात, तेच घ्या. साध्या सिलिकॉन डायोडवर ०.७ ते १ व्होल्ट पडतो. १० अँपिअरला ही ७ ते १० वॅटची शेगडी झाली, आणि तुमचं पॅनेल आधीच तापतंय. मॉस्फेटवाल्या (डायोडऐवजी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्या) मॉड्युलमध्ये तोच ड्रॉप व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतो. महाग असतात, पण या पॅनेलसाठी मी तेच घेईन. साधे डायोड वापरलेत तर दोन्ही एसएमपीएस २४.८ च्या आसपास ठेवा, म्हणजे बसवर २४ राहतील. पीएलसी आणि त्याच्या कार्डांना मानकाप्रमाणे २०.४ ते २८.८ चालतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

दोघांचं व्होल्टेज एकमेकांशी जुळवताना घाई करू नका. एकाचा स्क्रू २४.८ वर आणि दुसऱ्याचा २४.५ वर राहिला तर पुन्हा पहिलाच सगळा भार ओढत राहील आणि दुसरा रिकामा बसेल. एकाच मीटरने, दोघांच्याही टर्मिनलवर, सारख्या लोडला मोजा आणि ५० मिलिव्होल्टच्या आत आणा. एसएमपीएसवर पॅरलल मोडचा जंपर किंवा स्विच असेल तर तो टाका. त्यात लोड वाढेल तसं व्होल्टेज मुद्दाम किंचित उतरतं आणि दोघं भार वाटून घेतात. भार वाटला की दोघंही थंड राहतात. ‘बी’ रोज काम करतोय हेही रोज दिसतं, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं.

डायोड लावले म्हणजे सुटलो असं मात्र नाही, कारण डायोड गुपचूप मरतो. तो शॉर्ट झाला तरी पॅनेल पहिल्यासारखंच चालतं. ज्या दिवशी ‘ए’च्या आउटपुटमध्ये शॉर्ट होईल त्या दिवशी तो मेलेल्या डायोडमधून ‘बी’लाही ओढून खाली आणेल. म्हणून वर्षातून एकदा ‘ए’चा एसी बंद करा आणि ‘ए’च्याच आउटपुट टर्मिनलवर मोजा. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं. २४ च्या आसपास दिसलं तर डायोड शॉर्ट. मधलंच काहीतरी, समजा ५-७ व्होल्ट दिसले, तर लगेच डायोड फेकू नका. शॉट्की डायोड (कमी ड्रॉपचा प्रकार) गरम असताना थोडा करंट उलटा झिरपू देतो आणि डिजिटल मीटरला तेवढं पुरतं. टर्मिनलवर १ किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर लावून परत मोजा. आकडा खाली बसला तर ते भुताचं व्होल्टेज होतं. मग हेच ‘बी’साठी.

‘ए’ बंद आहेच तर त्याच चाचणीत ‘बी’ला एकट्याला तासभर पूर्ण लोडवर ठेवा. पाच मिनिटांत काही कळत नाही; तापायला वेळ लागतो. जमतील तेवढे सोलेनॉइड पीएलसीतून फोर्स करून (मुद्दाम चालू करून) उचला, म्हणजे खरा भार येईल.

इथेच आणखी एक जुना सापळा असतो. पॅनेल आलं तेव्हा लोड सहा अँपिअर होतं. मग दोन ऑक्सिजन ॲनालायझर वाढले, फीडरचं कार्ड आलं, कोणीतरी सीसीटीव्हीचा स्विच त्याच बसवर टाकला. दोघं मिळून १२ अँपिअर आरामात देतात, कुणाला काही जाणवत नाही. मात्र एक गेला की दुसऱ्याला १२ झेपत नाहीत. तो हिकअप मोडमध्ये जातो, म्हणजे चालू होतो, बंद पडतो, परत चालू होतो, आणि पीएलसी दर दोन सेकंदांनी मरतो. १० अँपिअरच्या जोडीवर मी ८ च्या पुढे लोड जाऊ देत नाही. तुमचं साडेसात आताच काठावर आहे; संधी मिळाली तर जोडीच २० अँपिअरची करा.

फील्डमधल्या शॉर्टचं काय, हेही विचाराल. एखाद्या ट्रान्समीटरची (दाब-तापमान मोजून पाठवणाऱ्या उपकरणाची) केबल पिचली तर दोन सप्लाय असूनही बस खाली येते, कारण शॉर्ट डायोडच्या पुढे आहे. शाखांवर सी कर्व्हचे ६ अँपिअरचे एमसीबी असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका. त्यांना झटक्यात उडायला एसीवर ३० ते ६० अँपिअर लागतात आणि डीसीवर त्याच्या दीडपट. १० अँपिअरचा एसएमपीएस शॉर्टमध्ये १५ देईल, फार तर. एमसीबीचा थर्मल भाग तापेपर्यंत बॉयलर केव्हाच ट्रिप झालेला असेल. डीसीसाठीचे इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर मिळतात, ते करंट मर्यादित ठेवून तेवढीच शाखा तोडतात. ज्या शाखा बॉयलरच्या बाहेर, पावसापाण्यात जातात त्यांना तरी ते लावा.

एसीच्या बाजूला एकदा नजर टाका. दोन्ही एसएमपीएस एकाच एमसीबीच्या खाली असतील तर ते दोन नाहीतच. एक यूपीएसवर आणि दुसरा थेट लाइटिंग ट्रान्सफॉर्मरवर, असं मी करतो. डीसीचा मायनसही बघा. दोघांचे मायनस एकाच ढिल्या लिंकवरून एकाच वायरने पुढे गेलेले असतात आणि तो एक स्क्रू सगळी रिडंडन्सी धरून असतो. मायनसच्या दोन वायर, दोन टर्मिनल, वेगळ्या वाटेने.

अलार्म हवाच. प्रत्येक एसएमपीएसचा डीसी ओके काँटॅक्ट पीएलसीच्या वेगवेगळ्या इनपुटवर आणा, निरोगी असताना जोडलेला (क्लोज्ड) राहणारा, म्हणजे वायर तुटली तरी अलार्म येईल. व्होल्टेजवर नजर ठेवणारं वेगळं रिले लावणार असाल तर ते डायोडच्या आधी, सप्लायच्या बाजूला. डायोडच्या नंतर लावलं तर एक सप्लाय महिनोन्‌महिने मेलेला असला तरी ते ‘ठीक’ म्हणत राहील. एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) हा अलार्म फक्त मजकुराच्या यादीत टाकू नका. ऑपरेटर अॅकनॉलेज करून विसरतो. बॉयलरच्या मुख्य स्क्रीनवर दोन ठळक चौकोन ठेवा, एक ‘ए’चा, एक ‘बी’चा, आणि लाल झालेला चौकोन सप्लाय सुधारेपर्यंत लालच राहू द्या.

आणि काढलेल्या ‘ए’चं लगेच काहीतरी करा. कारखान्यात काढलेला सुटा भाग कपाटात जातो, त्याला लोड न लावता कोणी तपासलं की २४ दाखवतो, ‘चालू आहे’ म्हणून परत रॅकवर चढतो आणि पुढच्या हंगामात रात्रपाळीचा वायरमन तोच कुठेतरी बसवतो. स्क्रू ड्रायव्हर हातात आहे तोवरच त्याच्यावर लाल टेप गुंडाळा, पेनने ‘लोडवर बसतो’ असं लिहा आणि तारीख टाका.